पासिंगचे टायर

आमच्या परंड्यात लग्नाला मोठी पातेली उसनी देतात, तसे पासिंगला टायर उसने देतात. आरटीओकडं गाडी दाखवायच्या दिवशी कुणाचे तरी चांगले टायर चढवायचे, फिटनेसचा कागद मिळवायचा आणि संध्याकाळी टायर ज्याचे त्याला परत करून आपले गुळगुळीत पुन्हा बसवायचे. यात लबाडी आहे असं कुणाला वाटत नाही, हा शेजारधर्म आहे. आप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, एक जुना ट्रक होता आणि त्याचे टायर तालुकाभर फिरून यायचे. त्यामुळं भूमच्या माळावर पवनचक्क्यांचं काम निघालं आणि तिथल्या ठेकेदारानं मला गेटवर गाड्या तपासायला ठेवलं, तेव्हा मला काही शिकवावं लागलं नाही. चोराच्या वाटा मला पाळण्यात असल्यापासून माहीत होत्या.

माझं गेट चढाच्या पायथ्याशी होतं. माळावर न्यायचं लोखंड भरायला कुठल्याही ट्रान्सपोर्टची गाडी आली की मी आधी मोबाइलवर तिची नोंदणी, विमा, परमिट आणि फिटनेस बघायचो. मग चॅसीवरचा नंबर कागदाशी जुळवायचो. हे सगळं झालं की कागद खिशात घालून गाडीभोवती चक्कर मारायचो, कारण कागदावर माझा काडीचा विश्वास नव्हता. माळाच्या चढावर एका गाडीचा पुढचा टायर फुटून ती खाली गेली होती. तिचे कागद सगळे ठीक होते. तिच्या ड्रायव्हरला पत्रा कापून बाहेर काढताना मी त्याचे पाय धरले होते. पायांच्या वरचं काही धरण्यासारखं राहिलं नव्हतं.

ती गाडी ज्या मालकाची, त्याच्याकडंच माझा धाकटा भाऊ कामाला होता. बरीच वर्षं क्लीनर होता, आता मालकानं त्याच्या हातात स्टिअरिंग दिलं. एके सकाळी तो पहिल्यांदा स्वतः गाडी घेऊन माझ्या गेटवर आला. कपाळाला गुलाल, पुढं झेंडूची माळ. फिटनेस आठवडाभरापूर्वीचाच होता. मी वाकून बघितलं, तर पुढच्या दोन्ही टायरांचं रबर झिजून आतली तार दिसत होती.

"कुणाचे टायर परत दिले रं?" मी विचारलं.

तो खाली वाकून हळूच म्हणाला, "दादा, समद्यांसमोर नको. आत घे गाडी. पयली ट्रिप हाय माझी."

"ह्या टायरवर तू चढ चढणार न्हाईस."

"मालक गाडी दुसऱ्याला दील!"

"दिऊ दे."

"आप्पा टायर द्यायचे तवा तुझं तोंड कुठं गेलतं?"

मागं उभे असलेले ड्रायव्हर हसले. माझा राग नाकावरच असतो. मी दार उघडलं, हात घालून किल्ली काढून घेतली. तो उडी मारून उतरला तो टॉमी घेऊनच. चाकाचे नट खोलायची ती लोखंडी दांडी त्यानं माझ्या उजव्या हातावर घातली. हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. मी डाव्या हातानं त्याची मान धरून त्याचं तोंड बंपरवर आपटलं, एकदा नाही, लोकांनी ओढून काढेपर्यंत. त्याचा ओठ फाटून दात दिसत होते. लहानपणी त्याला कडेवर घेऊन मी सगळी यात्रा फिरवली होती आणि त्या घडीला मला तो जिवंत राहावा म्हणून मारून टाकावासा वाटत होता.

तेवढ्यात मालक जीपमधून आला. तो चिडला नाही, उलट हसला. "भाऊ भाऊ कशाला भांडताव? सायबाला टायर पायजेत नव्हं? देऊन टाका." गेटबाहेर त्याची दुसरी गाडी उभी होती, सोयाबीन भरून कुर्डुवाडीला निघालेली. तिचे पुढचे टायर नवे होते. त्यानं जॅक लावायला सांगितला. नवे टायर माझ्या भावाच्या गाडीला लागले आणि तार दिसणारे त्या गाडीला. मी मोडका हात गमछ्यात बांधून बघत बसलो. मग मालक म्हणाला, "बघा आता, सायेब. पास का?"

पासच होती. मी मान हलवली, किल्ली भावाच्या हातात दिली. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

पण दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर, साठीला टेकलेला माणूस, निवांतपणे नट आवळत होता. मी त्याच्याजवळ गेलो. "काका, तुम्ही ह्या टायरवर कुर्डुवाडीला जाणार?"

"तुझं गेट तिकडं हाय," तो वर न बघता म्हणाला. "ही गाडी तुझी न्हाय."

खरंच होतं ते. पण मला त्या कापलेल्या पत्र्यातले पाय दिसले आणि माझं डोकं फिरलं. कडेला लोखंडाचे तुकडे पडले होते. त्यातली एक टोकदार सळई उचलून मी डाव्या हातानं टायरच्या तारेत खुपसली. एका हाताच्या जोरानं तो टायर फुटला! मी मागं फेकला गेलो, कान बधिर झाले.

पहिली लाथ त्या काकांनीच घातली. "माझी भाकर फोडली भाड्यानं," असं ओरडत त्यांनी माझ्या बरगडीत दुसरी घातली. मग मालकाची माणसं आली. नटाचे पाने, चपला, बूट, जे हाती येईल ते. मोडक्या हातावर कुणीतरी उभंच राहिलं. मी लोळत लोळत गेटच्या तोंडाशी आलो आणि भावाकडं बघितलं. मारणाऱ्यांत तो नव्हता. तो वर केबिनमध्ये बसला होता, तोंडाला रुमाल लावून, इंजिन चालू ठेवून. आमची नजरानजर झाली. मला वाटलं, आता उतरेल.

त्यानं गिअर टाकला. गेट उघडं होतं, गाडी पास होती. माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावरून ती हळूहळू आत गेली. जमिनीवर पडलेलो असल्यामुळं टायर मला अगदी जवळून दिसले. खाचा चांगल्या खोल होत्या. तो चढ नीट चढून जाईल, याची मला पक्की खात्री होती.