न छापलेली चारशे पानं

शहापूरच्या झेरॉक्सवाल्याकडे मी कित्येक वर्षं जाते, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. हातात आलेला प्रत्येक कागद तो आधी वाचतो. दाखला असो की सातबारा, वाचल्याशिवाय मशीनवर ठेवत नाही. मला त्याचा रागच यायचा.

यंदा डोळखांबच्या आमच्या शाळेत मुलींना बुद्धिबळ शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मला सोंगट्या कशा चालतात एवढंच ठाऊक होतं; मुलींनी त्यापुढचं काही विचारलं की मला धास्ती वाटायची. डावाची सुरुवात कशी करायची हे कळावं म्हणून आठ दिवस व्हिडिओ पाहिले, तर प्रत्येक जण वेगळंच सांगत होता. शेवटी ओपनिंगची चारशे पानांची पीडीएफ मी त्याच्याकडे छापायला दिली.

त्याने ती स्क्रीनवर सावकाश वाचली. "बाई, हे मी छापत नाय. मी खेळलोय बुद्धिबळ, हे मुरलेल्या खेळाडूंचं. पोरी घाबरतील, तुमीपण."

"मग शिकवू काय?"

त्याने एका वाया गेलेल्या प्रतीच्या मागे लिहिलं : मधलं प्यादं दोन घरं पुढे, मग घोडे, मग उंट, मग कॅसलिंग, म्हणजे राजा-हत्तीची एकत्र चाल, करून राजा कोपऱ्याकडे.

"महिनाभर एवढंच. हरलेला डाव वहीत लिवून ठेवा. कुठं चुकलं ते पोरीच शोधतील."

दुसऱ्या दिवशी मी तेवढंच फळ्यावर लिहिलं.

"बाई, एवढंच?" एका मुलीने विचारलं.

"सध्या एवढंच," मी म्हणाले. ती आता पुढे काय विचारेल, याची धास्ती मला पहिल्यांदाच वाटली नाही.