शनिवारचा आयांचा तास

धाकटी बहीण गेली आणि मी करंजाड्याला तिच्या घरी राहायला आले. तिच्या मुलीला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. भाची नऊ वर्षांची आहे. तिला बोलता येत नाही, चालता येत नाही, हातपाय ताठ असतात. पण घरात कोण आलं, कोण गेलं, हे तिला बरोबर कळतं. आई गेल्याचंही कळलं असावं, कारण तिनं खाणं सोडलं.

माझ्या हातचा चमचा ओठांना लागला की तिचा जबडा मिटायचा. कधी चमच्यासकट मिटायचा आणि सुटता सुटायचा नाही. मी भात अधिक मऊ केला, वरणात तूप वाढवलं, नाचणीची पेज करून पाहिली, स्टीलचा चमचा बदलून प्लास्टिकचा आणला. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलेलं, त्यामुळे मिळेल ते वाचलंही. तिचं वजन मात्र उतरत राहिलं.

तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, द्रोणागिरीच्या एका गोदामात पाळीवर असतात. एका संध्याकाळी बूट काढता काढता ते म्हणाले, "ताई, एका निवासी संस्थेत बोलून ठेवलंय. तिथे नळीनं भरवतात. असंच चाललं तर तिला पाठवावं लागेल. तुम्ही तरी किती करणार?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

भाचीला व्यायामासाठी आम्ही पनवेलमधल्या एका केंद्रात नेतो. तिथे शनिवारी मुलांच्या आयांसाठी एक तास असतो. श्वास, स्नायू सैल सोडणं, डोळे मिटून पडून राहणं. "तुम्हीही बसत जा," असं मला दोनतीनदा सुचवलं गेलं होतं. मी टाळत होते.

त्याला कारण होतं. बहीण त्या तासाला नेमानं जायची. शेवटच्या दिवसांत फोनवर ती म्हणाली होती, "छाती आवळल्यासारखी होते गं. ताण आहे. तिथे शिकवलंय तसा श्वास घेतला की उतरतं." तो ताण नव्हता, हृदयाचं दुखणं होतं. ती गेली त्या दिवसापासून मला वाटत आलं होतं, की त्या खोलीत तिला दुखणं गिळून शांत पडायला शिकवलं. आणखीही एक गोष्ट मला खटकायची. केंद्र पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बहुतेक बंद. बायका वाढत्या वयाची मुलं कडेवर घेऊन जिना चढतात आणि वर गेल्यावर त्यांना शिकवायचं काय, तर खांदे सैल सोडा. लिफ्ट दुरुस्त करण्यापेक्षा हे सोपं आणि स्वस्त.

संस्थेचा विषय निघाल्यानंतरच्या शनिवारी मात्र मी गेले. शिकायला नाही, तिथे काय चालतं ते पाहायला.

शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल. "चला मम्मी, मॅटवर या," म्हणाली. तिथे सगळ्याच मम्मी. मी मावशी असल्याचं सांगितलं. ती "सॉरी हं मावशी" म्हणाली आणि तिनं मोबाइलवर खोलीचा फोटो काढला. कुणाला दाखवायला, ते विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मुलं शेजारच्या खोलीत होती आणि दार लोटलेलं होतं. मी दाराकडे तोंड करून पडले आणि डोळे अर्धे उघडे ठेवले.

लाटांचा आवाज सुरू झाला. "आपण समुद्रकिनारी आहोत," मुलगी म्हणाली.

माझ्या शेजारी उलव्याकडची एक बाई होती, अंगावर बरंच सोनं, मुलगा पलीकडच्या खोलीत. ती पुटपुटली, "कसला समुद्र? आमच्या खाडीत भराव टाकला. डोलं मिटलं का मना डंपरच दिसतान."

"मम्मी, बोलायचं नाही."

"नाय बोलत बाय. तू चालू दे." मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमी पोलीस हाव काय? डोलं उघडंच."

"सवय नाही," मी म्हणाले.

"मना हाय. घरी कोन झोपू देतो? मी हितं झोपायलाच येतंय." आणि ती खरोखर घोरू लागली.

मुठी आवळा, सोडा. खांदे कानांपर्यंत न्या, सोडा. मी काहीच करत नव्हते. "आता जबडा," मुलगी म्हणाली. "दात दातांवर टेकलेले असतील तर बाजूला करा." माझे टेकलेले होते. सकाळपासूनच असावेत. तिला हे कसं कळलं याचा मला राग आला आणि मी दात तसेच ठेवले.

तास संपल्यावर मी तिला थांबवलं, बहिणीची ओळख दिली आणि विचारलं, "छातीत आवळतं असं ती तुम्हाला बोलली होती?"

मुलीचा चेहरा उतरला. "बोलल्या होत्या. मी दोनदा सांगितलं, हे इथलं काम नाही, आधी डॉक्टरांना दाखवा. त्या म्हणाल्या, बघते."

दुसरं काय सांगणार ती? मी तिच्या डोळ्यांत पाहत राहिले. मागून उलव्याची बाई म्हणाली, "मीपन बोलले तिला. चल माझ्या गारीत, डाक्टरकडं जाव. तर बोलते कशी, पोरीला कोन बघल?"

दोघींनी मिळून ठरवलेलं असू शकतं, असं जिना उतरताना मी मनाशी म्हणत होते. पण "पोरीला कोण बघेल" हे वाक्य माझ्या बहिणीचंच होतं. ते कुणी बनवू शकत नाही. तरी माझा संशय पुरता गेला नाही. आजही गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीला मांडीवर घेतलं, तिची मान माझ्या डाव्या दंडावर. चमचा उचलला आणि लक्षात आलं, माझे दात एकमेकांवर रोवलेले होते. तिच्या मानेखालचा माझा दंड लाकडासारखा झाला होता. मी अन्न तपासलं होतं, चमचा तपासला होता, तिचा घसा डॉक्टरांना दाखवला होता. ती कशावर टेकून जेवते, ते पाहिलं नव्हतं.

चमचा खाली ठेवला. कुणी बघत नव्हतं, म्हणून खांदे कानांपर्यंत नेले आणि सोडले. दात बाजूला केले. विश्वास नव्हताच, करून पाहायचं म्हणून केलं. थोड्या वेळानं तिची मान माझ्या हातावर जड झाली. पुढचा चमचा आत गेला. त्याच्या पुढचाही.

मग कुलपात किल्ली फिरली. मेहुणे लवकर आले होते. माझा दंड ताठला आणि त्याच क्षणी तिचं तोंड मिटलं.

ते दारातच उभे राहिले. "खात नाहीये ना?"

त्यांच्या नजरेसमोर खांदे वर न्यायला आणि सोडायला मला जड गेलं. त्यांना वाटलं असेल, ताईंचं डोकं फिरलं. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी डोळे मिटले. मग हातावर तिच्या मानेचा भार हळूहळू आला आणि मी चमचा पुढे केला.

वाटी निम्मी झाली तोवर मेहुणे बूट न काढता समोर जमिनीवर बसले होते.

सोमवारी सकाळी त्यांनी संस्थेला फोन केला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "आत्ता नको," ते म्हणाले. "नको" म्हणाले नाहीत. फोन ठेवून ते आत आले आणि मला म्हणाले, "ताई, काल काय करत होता ते मला दाखवाल? रात्रीचं मी भरवून बघतो."

मी त्यांना खाली बसायला सांगितलं आणि त्यांचा दंड दाबून पाहिला. माझ्यापेक्षा ताठ होता.