मिस्त्रीण

नवऱ्याची चंदीगडला बदली झाली आणि आम्ही अकोल्याहून सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो. तो ऑफिसात, मुलगा शाळेत. घरी आल्यावरही मुलगा माझ्या मराठीला हिंदीतच उत्तर द्यायचा. समोरच्या इमारतीला बाहेरून गिलावा नव्हता, नुसत्या विटा. एकदा एक मिस्त्री त्या विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, सिमेंटनं भरायला आला. मी दुपारभर बाल्कनीत उभी राहून त्याचे हात बघितले. हे आपल्याला जमेल असं वाटलं, आणि माझी मीच दचकले.

गवंडीकामाच्या सरकारी वर्गात नाव घातलं. सगळे पुरुष, बाई मी एकटीच. शिकवणारे सरदारजी म्हणाले, "बहनजी, सिलाई की क्लास बगल में है."

"पता है जी," मी म्हटलं.

पुढे त्यांनी काही विचारलं नाही, आणि शिकवताना हातचं राखलंही नाही. थापीवर माल किती घ्यायचा, दोरी कशी ताणायची, ओळंबा हलायचा थांबेपर्यंत धीर कसा धरायचा. सिमेंटनं माझी बोटं फुटली. जेवणाच्या सुट्टीत मी जवळ गेले की वर्गातली मुलं बोलायची थांबत. मग मी सरावाच्या भिंतीआड बसून डबा खाऊ लागले. घरी नवरा नातेवाइकांना फोनवर सांगे, "इंटिरियरचा कोर्स करतेय ती." मी कधी खोडून काढलं नाही.

कोर्स संपल्यावर मुलांना पटापट कामं लागली. मी घरीच. शेवटी सरदारजींनी इंडस्ट्रियल एरियातल्या एका ठेकेदाराकडे पाठवलं. तो म्हणाला, "औरतें यहाँ तसला उठाती हैं." तसला म्हणजे घमेलं.

"मैं चिनाई करूँगी, ईंटें लगाऊँगी."

त्यानं गोदामामागची भिंत दिली, जिथे कुणाचं लक्ष जात नसे. घमेली वाहणाऱ्या बायका मला मॅडम म्हणत, मिस्त्री काहीच म्हणत नसत. भिंत झाली तेव्हा ठेकेदारानं स्वतः ओळंबा सोडून पाहिला. "ठीक है. कल से आगेवाली पे लग जाओ."

मी धावत बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता.

आता मी स्वतःच कामं घेते. दिवसा घरात एकट्या असणाऱ्या बायकांना बाथरूमच्या फरशीसाठी मिस्त्रीण आली की बरं वाटतं. एकीनं दुसरीला सांगितलं, तशी कामं वाढली. मुलगा पुण्याला शिकायला गेला, आणि गेल्या वर्षी नवऱ्याची बदली नागपूरला झाली.

"चल ना, भिंती तिथेही आहेत," तो म्हणाला.

"तिथे मला कोण ओळखतं?"

"आणि इथे?"

हातातली कामं अर्धवट होती, पुढची ठरलेली होती. तो गेला. मी सेक्टर ३२ जवळ खोली घेतली. संध्याकाळी हातपाय धुतले की आईला फोन करते, मराठी कानावर पडावी म्हणून.

"आज काय केलंस?"

"एका डॉक्टरीणबाईंच्या जिन्याची भिंत."

"बरं. जेवलीस का?"

"बसतेच आता," मी म्हणते, आणि फोन ठेवायचा सोडून पुन्हा काहीतरी विचारते.