बाकांची सूचना कोणी मांडली

महापालिकेच्या सभागृहात महापौरांच्या उंच आसनाखाली एक बुटकं टेबल होतं. त्या टेबलापाशी सव्वीस वर्षं बसलेल्या बाईंना सगळी कचेरी इतिवृत्तबाई म्हणायची. नगरसेवक बोलायचे, त्या टिपून घ्यायच्या आणि दोन दिवसांत त्याचं सभ्य, सुवाच्य इतिवृत्त करून द्यायच्या. एखादा सदस्य माइक उपटून टेबलावर चढला, तर त्या लिहायच्या, 'सदस्यांनी तीव्र भावना व्यक्त केल्या.' दोघे एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तर 'विचारांची देवाणघेवाण झाली.'

बाईंना या कामाचा भलताच अभिमान होता. शहरात एक दिवा लावायचा म्हटलं तरी आधी ठराव हवा, आणि ठराव म्हणजे शेवटी आपण टाइप केलेला कागद. तेव्हा हे एवढं मोठं शहर आपल्याच बोटांवर चालतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. घरी नवऱ्यालाही त्या हे ऐकवायच्या. तो वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचा, "मग गल्लीतला खड्डा तेवढा बोटानं बुजव."

एका दुपारी बाई मागच्या सभेचं इतिवृत्त टाइप करत होत्या. विषय होता चोवीस विभाग कार्यालयांना आतून रंग देण्याचा. तेवढ्यात आत्याचा फोन आला. आत्यानं बाईंना लहानाचं मोठं केलं होतं, त्यामुळे तिचा फोन मध्येच ठेवायची सोय नव्हती. पाण्याच्या जोडणीवर स्वतःचं नाव लावून घ्यायला ती विभाग कार्यालयात गेली होती आणि अडीच तास खिडकीपुढे उभी होती.

"पाय भोपळ्यासारखे सुजलेत. एक बाक ठेवायला काय धाड भरलीय तुम्हाला?"

"आत्या, तो माझा विभाग नाही."

"मग तुझा विभाग करतो तरी काय?"

बाई "हो, हं, बरोबर आहे" म्हणत राहिल्या आणि बोटं चालत राहिली. सव्वीस वर्षांत त्या बोटांना एकच वळण लागलं होतं: कानावर पडेल ते कागदावर.

पुढच्या सभेत महापौर नेहमीप्रमाणे म्हणाले, "मागील इतिवृत्त वाचलं असं समजून कायम करण्यात येत आहे." सदस्यांनी बाकं वाजवली. नगरसचिवांनी सही केली.

दीड महिन्यानं भांडार विभागाच्या साहेबांनी फोन केला. "बाई, ठरावात 'पाठ असलेले बाक' म्हटलंय. हात टेकायला दांडे हवेत की नकोत?"

"कुठल्या ठरावात?"

त्यांनी वाचून दाखवलं. '...भिंतींना आतून रंग देण्यात यावा. तसेच प्रत्येक खिडकीपुढे पाठ असलेले बाक ठेवण्यात यावेत व म्हाताऱ्या माणसाला खांबासारखं उभं करू नये.'

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. खांब आत्याचा होता, त्या दिवशीच्या फोनवरचा. पाठ कुठून आली, ते त्यांना आजतागायत कळलेलं नाही. त्या तशाच नगरसचिवांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

"कायम झालंय?" सचिवांनी विचारलं.

"हो, सर."

"आणि एकानंही वाचलं नाही?"

"नाही."

सचिवांनी चष्मा काढून पुसला. "मीही नाही. सही मात्र माझी आहे."

कायम झालेलं इतिवृत्त बदलायचं तर सभागृहातच जायला हवं. तसा दुरुस्तीचा विषय पटलावर आला. तो पुकारला जाताच पाच वर्षांत तोंड न उघडलेले एक सदस्य उठले आणि म्हणाले, बाकांची सूचना त्यांचीच होती. विरोधी बाकांवरून आवाज आला, ती आमची होती, यांनी चोरली. मग प्रत्येकाला आपापली म्हातारी आई आठवली. वीस मिनिटं विचारांची देवाणघेवाण झाल्यावर महापौर खाली वाकले. "बाई, तुम्हीच सांगा. मूळ सूचना कोणाची?"

सव्वीस वर्षांत त्या सभागृहात बाईंना कोणी काही विचारलं नव्हतं. त्या उठल्या.

"माझी," त्या म्हणाल्या. "चुकून झाली."

सगळं सभागृह हसलं. बाई खाली बसल्या आणि त्यांनी ते हसणंही टिपून घेतलं. बाकांच्या विरोधात कोण, असं महापौरांनी विचारलं, तेव्हा एकही हात वर झाला नाही. त्या न बोलणाऱ्या सदस्यांचं नाव सूचक म्हणून लागलं, विरोधी नेते अनुमोदक झाले. खांबाचं वाक्य तेवढं भाषा बरी नाही म्हणून वगळलं.

बाईंना कारणे दाखवा नोटीस निघाली. तिचा मसुदाही त्यांनाच करावा लागला, कारण असली भाषा कचेरीत दुसऱ्या कोणाला जमत नसे. त्यांनी तो इतका कडक केला, की उत्तर द्यायला बसल्यावर स्वतःलाच मुद्दा सुचेना. शेवटी 'अनवधानाने' हा शब्द तीनदा वापरून त्यांनी वेळ मारून नेली. सेवापुस्तकात ताकीद लागली. आत्याला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "आयुष्यात एक चांगलं काम केलंस, तेही नकळत."

तेव्हापासून सदस्य इतिवृत्त वाचू लागले. पहिल्याच सभेत त्यांनी सतरा चुका काढल्या. त्यातल्या अकरा खऱ्या होत्या. शहर आपल्या बोटांवर चालतं हे वाक्य बाईंनी घरी पुन्हा काढलं नाही.

एकदा त्यांच्या मनात आलं, रेकॉर्ड रूममध्ये जाऊन सव्वीस वर्षांचे खंड चाळावेत, आणखी काय काय करायला लावलंय या शहराला ते पाहावं. त्या दारापर्यंत गेल्यासुद्धा. आतल्या कारकुनानं विचारलं, "कुठलं वर्ष काढू, बाई?"

"कुठलंच नको," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून कॅन्टीनला चहा प्यायला गेल्या.