आरशावरची सरळ रेघ

आरसा पुसण्याआधी हवेचा रबरी फुगा दाबून त्यावरची धूळ उडवायची, हे मला शिकवलं होतं. त्या दिवशी मी ते केलं नाही. कण तसाच राहिला, माझ्याच हाताखाली घासला गेला आणि काचेवर रेघ पडली. ती मी दुसऱ्याच्या नावावर लिहून मोकळी झाले.

वय सव्वीस. नवी पदवी, नवा चष्मा, आणि नाक इतकं वर की पायाखालचं काही दिसू नये. चंडीगडच्या एका प्रयोगशाळेत मी लेझरचे आरसे तपासत असे. लेझर जबरदस्त ताकदीचा. आरशावर बारीकशी रेघ असली तरी प्रकाश नेमका तिथेच घात करतो आणि काच फुटते. म्हणून मागणीच्या कागदावर दोन आकडे असायचे, दहा-पाच. पहिला रेघ किती ठळक चालेल ते सांगायचा, दुसरा खळगा किती मोठा चालेल ते. पाच म्हणजे मिलिमीटरचे पाच शतांश. मोजमापाचं हे शास्त्र शेवटी डोळ्यांवरच येऊन थांबायचं. अंधारी खोली, मागे काळं मखमल, बाजूने झगझगीत दिवा. आरसा तिरका धरायचा आणि नमुन्याच्या पट्टीवरच्या रेघांशी ताडून बघायचा.

आरसे घासून पॉलिश करायचे काका. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेच्या वर्कशॉपमधून आलेले. अख्ख्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. काकू दर बुधवारी त्यांच्या डब्यात माझ्यासाठी थालीपीठ घालायच्या. त्या आरशावर काकांनी सात आठवडे घालवले होते.

आणि मी एका पुसण्यात रेघ ओढली. ॲसिटोनने भिजवलेला मऊ कागद, एकच ओढ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दिव्याखाली धरला तर रेघ चमकली. ती माझी असेल, हे त्या हुशार डोक्यात आलंच नाही. मी काकांना हाक मारली.

"काका, बघा."

त्यांनी आरसा बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला. "मला न्हाई दिसत, पोरी."

"मग डोळे तपासून घ्या," मी हसून म्हणाले. वर तपासणीच्या कागदावर लिहिलं, 'पॉलिशमधील दोष'. खाली दोन रेघा मारल्या. रेघांची फार हौस होती मला.

पुढच्याच आठवड्यात 'आता हात चुकाया लागला' म्हणत काकांनी स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. निवृत्तीला तीन वर्षं होती. ती तीन वर्षं ते खोकी मोजत बसले. थालीपीठ येत राहिलं, मी खात राहिले.

दोनेक महिन्यांनी दुसरा एक आरसा माझ्याच हातून तसाच बिघडला, तेव्हा डोक्यात उजेड पडला. घासताना पडलेली रेघ वळते, कारण घासणारा हात गोल गोल फिरतो. माझी रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ होती, पुसण्याच्या दिशेनेच गेलेली. सांगायला स्टोअरच्या दारापर्यंत दोनदा गेले. एकदा पेन्सिली मागून परत आले, एकदा डिंकाची बाटली. माझी नेमणूक पक्की व्हायची होती, हे एक निमित्त. खरं म्हणजे भित्री होते.

गेल्या हिवाळ्यात कळलं की काका मुलाकडे इथेच जवळ मुल्लानपूरला असतात, नव्वदीला टेकलेत. लेकीने गाडी काढली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"आई, इतने साल बाद क्यों?"

"माझं धाडस सावकाश पिकतं गं," मी म्हटलं. ती हसली.

काका गच्चीवर उन्हात बसले होते. समोर शेतांच्या जागी अर्धवट उभ्या इमारती. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर काकूंची शाल घडी करून ठेवलेली; त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. मी सगळं सांगितलं. धूळ, कागद, सरळ रेघ, पेन्सिली, डिंकाची बाटलीसुद्धा. मग त्यांनी उजवा हात वर करून उन्हात धरला, आरसा धरायचे तसाच तिरका, आणि त्याच्याकडे बघत म्हणाले,

"तुझी काकू शेवटपर्यंत म्हणायची, तुमचा हात चुकायचा न्हाई. दर खेपंला मी तिला गप केलं. आता हे कुणाला सांगू, पोरी?"