विमलवहिनी आणि अर्धी जुगलबंदी

नंदुरबारच्या आमच्या कचेरीत फोन एकच, आणि तोही साहेबांच्या टेबलावर. चिंचपाड्याहून ट्रंक कॉल आलाय म्हणून शिपायाने मला बोलावलं. कानाला लावला तर नुसती खरखर. पलीकडून माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही मोठाभाऊ म्हणतो, एकच वाक्य ओरडत होता, "नाना, ऐकू येस का? ऐकू येस का रे?" मी इकडून "येतंय, येतंय" म्हणत होतो, पण ते त्याला ऐकू जात नव्हतं. मध्येच क्षणभर खरखर थांबली आणि तेवढ्यात तो म्हणाला, "विमल गई..."

मोठाभाऊची बायको, माझ्या विमलवहिनी, काविळीने गेल्या. चिंचपाड्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शर्थ केली, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. आता महिना उलटून गेलाय. लिहायला बसलो तर डोळ्यांसमोर त्यांचा चेहरा येण्याआधी त्यांचा पदर येतो, आणि त्याचं कारण सांगायलाच हे लिहितोय.

वहिनी नवापूरच्या. वडील तिथे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. क्वार्टरच्या अंगणात रेडिओ लावायचे आणि अख्खी आळी ऐकायला बसायची, त्यात ही पोर सगळ्यांच्या पुढे. लग्न होऊन ती आली सारंगखेड्याजवळ, तापीकाठच्या आमच्या घरात. कापूस आणि केळीची शेती, घर मोठं, पण रचना अशी की पुढे ओसरी, मग माजघर, आणि पार मागे स्वयंपाकघर. आमच्यात सून सासऱ्यासमोर येत नाही, यावंच लागलं तर पदर हनुवटीपर्यंत ओढून. आणि आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, खाट ओसरीतून उन्हाळा-पावसाळा कधी हलली नाही. वहिनींची हद्द त्यामुळे माजघराच्या उंबऱ्याशी संपायची. रेडिओ ओसरीत होता. भाकरी थापता थापता त्या हात थांबवून कान द्यायच्या, तेव्हा तव्यावरची करपायची आणि आई ओरडायची.

मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि हे सांगताना मला अजून छाती फुगवावीशी वाटते, त्यात लपवायचं काय? नोकरी लागली आणि घरात रेकॉर्ड वाजवायचं चांगलं यंत्र आणायचं ठरलं. अँप्लिफायर कोणता घ्यावा यावर ओसरीत चर्चा सुरू झाली. जो येई तो लग्नातल्या भोंग्याचं कौतुक सांगे. मोठाभाऊ म्हणाला, "आवाज नदीपल्याड जावाले पाहिजे!" तशी माजघराच्या दाराआडून वहिनी हळूच आईला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "नदीपल्याडना लोकेसले ऐकाडनं शे, का घरना?" आबासुद्धा मिशीत हसले.

मी सुरतेला गेलो. दुकानदार मोठमोठी यंत्रं पुढे करत होता, कपाळावर दिव्यांची रांग, दहा बटणं. मी माझं शास्त्र सोडलं नाही. खोली लहान, तर ताकद थोडी पुरते. बटणं कमी, तर बिघडायला जागा कमी. आतले काचेचे व्हॉल्व्ह असे हवेत की गेले तर नंदुरबारात मिळतील. आणि शेवटची परीक्षा म्हणजे रेकॉर्ड न लावता आवाज चढवायचा, स्पीकरच्या डब्याला कान लावायचा, आणि ज्याची गुणगुण सगळ्यांत कमी तो घ्यायचा. दुकानदार कंटाळून म्हणाला, "साहेब, लोक गाणं ऐकायला येतात, तुम्ही शांतता ऐकायला आलात!" मी ऐकून घेतलं आणि साधा, लाकडी पेटीतला, बेताच्या किमतीचा अँप्लिफायर निवडला. स्टिरिओ होता, म्हणून बरोबर आवाजाचे दोन डबे. त्याच्याच शिफारशीने एक मोठी रेकॉर्डही घेतली, सतार आणि बासरीच्या जुगलबंदीची.

घरी आबांनी डबे पाहिले आणि निकाल दिला, "दोन शेतस ना? मंग एक आठे, एक चूलजवळ. बायासले बी ऐकू द्या." मी समजावलं की आबा, हे दोन डबे वेगळे नाहीत, एकाच गाण्याचे दोन कान आहेत, मध्ये बसून ऐकायचं असतं. आबा म्हणाले, "बरं शे. एक कान माले, एक बायासले!" ओसरी हसली. खरं सांगायचं तर पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्या सासऱ्याला बायकांच्या कानांची आठवणही झाली नसती. सुताराने लांब तार ओढली आणि चुलीशेजारच्या भिंतीवर एक डबा बसला.

पुढे काही आठवड्यांनी सुट्टीला गेलो. वहिनी मला वाढत होत्या, वर डबा वाजत होता. म्हणाल्या, "नाना, हाऊ बासरीवाला मधमा मधमा चूप काबर बठस? तबला चालू ऱ्हास, अन् हाऊ काय इचार करस?" मी हसून सांगितलं की तो विचार करत नाही, त्या वेळात सतार वाजते, पण सतार बाहेरच्या डब्यात आहे. त्यांचा भाकरीचा हात तसाच राहिला. "म्हनजे सवाल हाऊ माले करस, अन् जवाब आबासले ऐकू येस?"

अँप्लिफायरला मागे एक बटण होतं, ते दाबलं की दोन्ही डब्यांत सगळं सारखंच वाजतं. मी ते दाबून आलो. वहिनींनी थोडा वेळ ऐकलं आणि मान हलवली. "दोन भाज्या एक ताटमा कालवी दिन्यात. माले मधमा बठनं शे." मी म्हटलं, आबा शेतात गेले की बाहेरचा डबा आत आणतो. तर म्हणाल्या, "चोरीसन नही. वाजस तठेच बठसू."

बाई हट्टी होती. बाकी सगळ्या बाबतीत वाकली, या एका बाबतीत नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेला आबा घोडे बघायला गेले, बरोबर मोठाभाऊ आणि सगळी गडीमाणसं. मी मागे राहिलो. आतला डबा ओसरीत आणला. आई उंबऱ्यात बसली आणि वहिनी ओसरीच्या मधोमध चटईवर. रेकॉर्ड लावली. डावीकडून बासरीने विचारलं, उजवीकडून सतारीने उत्तर दिलं, आणि वहिनींची मान आधी इकडे, मग तिकडे वळली... लग्नात चिडवल्यावर नवरी हसते तशा हसल्या. पदर मागे सरकला, त्यांनी तो तसाच राहू दिला. तेवढ्यात पायरीवर जोडे वाजले. "आबा घर शेतस का?" गावातले एक गृहस्थ. ओसरीचं दार उघडंच होतं. ते लावणार तरी कसं? दिवसाढवळ्या दार लावून दीर-भावजय आत बसली म्हटल्यावर गाव काय बोललं असतं! वहिनी उठल्या, पदर ओढला, आत गेल्या. आबांची वाट बघत ते गृहस्थ संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

मग मी सरळ आबांनाच विचारलं. शिकलेला मुलगा होतो, घाबरायचं कशाला? आबा तंबाखू मळत होते. म्हणाले, "तिले बठनं शे? बठू दे. मी उठीसन ओटावर बठसू." मी धावत आत गेलो. वहिनींनी ऐकलं, पिठाचे हात पुसले. "मन्हाकरता सासरा खाटवरथीन उठना, आसं गाव म्हनी. नको भाऊ. आबासले खाली नही दखाडनं माले." समोर कुणी वाईट माणूस असता तर मी भांडलो असतो. इथे ढकलायला दारच नव्हतं, चारी बाजूंनी नुसत्या चांगल्या माणसांच्या भिंती...

दवाखान्यात त्यांना शेवटचं भेटलो. खिडकीजवळची खाट, डोळे पिवळे झालेले, आणि डोक्यावर पदर नाही. मला बघून तो घेतलाही नाही. "नाना, आठून नवापूर कितलं दूर शे?" मी म्हटलं, हे काय, पुढेच. "माहेरले मी पोर शे, सून नही. बरी व्हयनू की तठेच जासू. तू दोन्ही डबा लई ये. अंगनमा बठसू, कोन उठाडस ते देखू!" इतकी सोपी वाट आम्हाला कुणाला सुचली नव्हती. मी रविवारी डबे आणायचं कबूल केलं. रविवारच्या आधी तो फोन आला.

दुखवट्यात यंत्र झाकून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात घरी गेलो, तर मोठाभाऊसाठी स्थळ घेऊन पाहुणे आलेले. मोठाभाऊ खाली मान घालून बसला होता. घर कसं आहे ते सांगताना आबांनी यंत्राकडे बोट केलं, "आम्हना घर बायासले बी गानं ऐकाडतस." मोठाभाऊ उठला. आत गेला, चुलीजवळचा डबा खिळ्यांसकट उपटून आणला, ओसरीत दुसऱ्या बाजूला ठेवला आणि रेकॉर्ड लावली. वाजायला लागलं. आबा खाटेवर सरळ झाले, "अरे! हाऊ तर सवाल-जवाब शे! इतला दिन कोनी सांगं काबर नही?" मोठाभाऊने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो शेताकडे निघून गेला.

पाहुणे खूश झाले. आबा तर इतके, की तेव्हापासून दोन्ही डबे ओसरीतच आहेत आणि ते कुणाला हलवू देत नाहीत.

मी आत गेलो. डबा होता त्याच्या खाली वहिनी भिंतीला डोकं टेकून बसायच्या, तिथे त्यांच्या केसांच्या तेलाचा डाग पडलेला. पाहुणे यायचे म्हणून आईने आदल्या दिवशी भिंतीला चुन्याचा हात दिला होता. वाळल्यावर डाग पुन्हा वर आला होता, पिवळसर, तळहाताएवढा. आई कुंचला घेऊन त्याच्यापुढे बसली होती. बाहेर जुगलबंदी रंगली होती, इथे नुसता तबला पुसट येत होता.

"आजून एक हात देऊ का?" आईने विचारलं.

मग तीच उठली आणि चुन्याची बादली परसात नेऊन ओतून आली.