बाजाराला कोण जातं?

ती घटना आठवली की आजही मी गप्प होतो. मी गप्प झालो की घरच्यांना बरं वाटतं, तो भाग वेगळा.

तेव्हा मी कल्याणला पोलीस निरीक्षक होतो. एक दिवस ठाण्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापिका पोलीस ठाण्यात आल्या. त्या तुरुंगात बंदिवानांना बी.ए.चे विषय शिकवत. जन्मठेपेचा एक कैदी त्यांच्या मार्गदर्शनाखाली गुलामगिरीवर प्रकल्प लिहीत होता. त्याच्या बराकीत चोरीच्या आरोपातला एक मजूर होता. त्याची बायको लहान मुलीसह, घेतलेली उचल फेडण्यापायी वीटभट्टीवर वेठबिगार म्हणून अडकली होती. खबर ही अशी आली, तुरुंगातून, तीही अभ्यासातून!

आम्ही भट्टीवर गेलो. कुलूप नाही, पहारा नाही. बाईला बाजूला घेऊन विचारलं, "मारतात? कोंडतात?"

"नाय साहेब. खुशीनं राहते."

संपलं. जबाबासाठी तुरुंगात गेलो, तर मजुराशेजारी तो विद्यार्थी कैदी बसलेला. म्हणाला, "साहेब, बाजाराला कोण जातं, ते विचारलंत?"

"आमच्या घरी मीच जातो. म्हणजे मीही वेठबिगार?"

"तुम्ही पळून जाऊ शकता ना, साहेब. बाजाराला जाणारा परत का येतो, ते विचारा."

महिला हवालदाराला घेऊन पुन्हा भट्टी गाठली.

"बाजाराला कोण जातं गं?"

"मीच की."

"आणि पोरगी?"

"ती शेठच्या घरी. मी आले की देतात. सगळ्यांचीच पोरं ठेवतात." दुकानाबाहेर चप्पल काढून ठेवावी, इतक्या सहज ती बोलली. माझ्या हवालदार बाईंनी तोंड फिरवलं.

मग तहसीलदारांना कळवलं, पंचनामा झाला, शेठवर गुन्हा दाखल झाला. त्या कैद्याला विचारलं, "तुला हे सुचलं कसं?"

"वाचलं, साहेब. सातासमुद्रापलीकडचे गुलामांचे मालकही आईला बाजाराला पाठवून मूल ठेवून घ्यायचे. कुलूप लागतच नाही."

माझ्या कमरेला कायम बेड्या असायच्या. पण न दिसणारी बेडी कुठे शोधायची, हे मला गजाआडच्या माणसाने शिकवलं. प्रश्न चुकला की खरं बोलणाराही खोटं सांगतो, हे मी तेव्हा शिकलो.

तहसील कार्यालयात मुक्तीचा दाखला हातात पडल्यावर ती बाई लेकीला कडेवर घेऊन माझ्यापाशी आली. हळूच म्हणाली, "साहेब, आता बाजारला हिला संगती नेऊ?"

आयुष्यभर लोकांना परवानग्या दिल्या. तिला मात्र म्हटलं, "बाई, हे आता कुणालाच विचारायचं नाही."